सेलूला, भुसारे मॅडमकडे इन्व्हर्टर बसवताना

देवघराखालचा कोपरा रिकामाच आहे, म्हणल्या मॅडम,
तिथंच बसवा, दिसणार पण नाही.
मी वर बघितलं. समई, उदबत्तीचं घर, काड्यापेटी.
नाही म्हणलं, मॅडम.
चार्जिंगला लागली की बॅटरी श्वास सोडती.
वास नाही, रंग नाही त्या हवेला,
नुसती ठिणगीची वाट बघत बसती.
देवाजवळ नको.
पोराच्या खाटेखाली तर नकोच नको.

मग जिन्याखाली जागा काढली.
कूलरचं मोडकं दार, ज्वारीची मोकळी पोती,
शाळेच्या गॅदरिंगचा एक मुकुट, हे सगळं बाहेर.
जाळीची खिडकी आहे तिथं, पूर्वेची. हवा राहती.
साठ किलोची बॅटरी; आडवी करायची नाही,
डोक्यावरच्या भरल्या घागरीसारखी सरळ न्यायची.
एक कड मुदस्सरनं धरली, एक मी.

अंगठी काढून खिशात टाकली.
लग्नातली आहे. पण दोन टोकांच्या मधी आली
तर करंट काही सोनं-पितळ बघत नाही,
बोटासकट वितळवतो.
आधी लाल, मग काळी.
काढताना आधी काळी.
मुदस्सर हे पाढ्यासारखं पुटपुटतो.
म्हणू द्या, पाठ झालं की हात चुकत नाही.
टोकांना बोटभर व्हॅसलीन.

मॅडमनं तांब्या आणला.
हिचं पाणी कमी झालं तर हेच घालू का?
आठव्या दिवसाचं नळाचं पाणी,
क्षारानं तांब्या आतून पांढरा झालेला.
म्हणलं, हिला बाटलीतलंच, डिस्टिल्ड.
काटा हिरव्या रेघेला आला की हात आखडायचा.
हसल्या. आमच्यापेक्षा लाडाची की हो ही.
तांब्यातलं पाणी मी प्यालो.

परसातला अर्थिंगचा खड्डा
घर बांधल्यापासून कुणी उघडला नव्हता.
मे महिना. काळी माती दोन-दोन बोटं फाटलेली,
मीठ-कोळशाचा पत्ता नाही.
फेज आणि अर्थवर बल्ब धरला
तर काजव्याएवढा पेटला.
नवीन मीठ, नवीन कोळसा, वर दोन बादल्या.
धुण्याचं पाणी इथंच सोडत जा म्हणलं.
माती तहानलेली असली
की शॉक माणसातून वाट काढतो.

बोर्ड खोलला तेव्हा मॅडम म्हणल्या, ही पण वायर ठेवा,
कामाला येती.
दोन्ही टोकांना पिन.
लाईट गेली की त्यांचे दीर जनरेटर आणायचे
आणि ह्या वायरीनं सॉकेटातून उलटा घरात सोडायचे.
मेन स्विच पाडायचा ध्यानात राहिला तर राहिला.

मी पकडीनं तिचे चार तुकडे केले.
अहो, चांगली होती!
मी काही बोललो नाही.

माझा बाप लाईनमन होता.
वालूर रोडला, लाईन बंद आहे
असं दोनदा विचारून चढला होता.
खाली गल्लीत एका घरात जनरेटरवर
लग्नाची मिठाई चालू होती.
कुणाच्या घरात, ते आम्ही हुडकलं नाही.
आई म्हणली, गल्ली आपलीच आहे.

मॅडमला एवढंच सांगितलं,
वर खांबावर माणूस असतो.

चार वाजता लाईट गेली, खरीच.
एक हलकी टिक् झाली जिन्याखाली.
पंखा फिरतच राहिला.
मॅडमच्या पोरानं पुस्तकातून मान पण वर केली नाही.
मिक्सर लावू का, आतून विचारलं.
नाही. पंखे, दिवे, मोबाईल. मिक्सर नाही, गिझर नाही, इस्त्री नाही.

मी बाहेर मीटरपाशी गेलो,
खांबावरून येणाऱ्या वायरीला टेस्टर लावला.
पेटला नाही.
परत लावला.
मुदस्सर म्हणला, पेटंना की, उस्ताद.
म्हणलं, तेच बघायलोय.
आणि तिसऱ्यांदा लावला.